सत्तरच्या पुढचा कंप

आमच्या रस्त्यावर गॅरेजं सात आहेत, पण मिस्त्री म्हटलं की एकच माणूस. मागून सगळे त्यांना 'सावकाश' म्हणायचे, कारण दिवसातून पन्नास वेळा तोंडात तोच शब्द. नट आवळणाऱ्याला सावकाश, गाडी मागे घेणाऱ्याला सावकाश. एकदा एका बॅटरीने पेट घेतला आणि मी वाळूची बादली घेऊन धावलो, तेव्हाही हे मागून म्हणाले, "सावकाश." वाळू सावकाश कशी ओततात ते मला अजून कळलेलं नाही.

माझं लेथचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून आहे. मध्ये पत्र्याची भिंत. सव्वीस वर्षं मी त्या पत्र्यापलीकडून त्यांचं खोकणं, हातोडीचे ठोके आणि गाडीखाली पडल्यापडल्या स्वतःशीच चाललेलं पुटपुटणं ऐकलं. इतकं ऐकलं की नुसत्या ठोक्यावरून मला कळायचं, पिन निघाली की अडली. बायकोच्या बोलण्याकडे मी इतकं लक्ष कधी दिलं नाही, असं तिचं म्हणणं आहे आणि ते खोटं नाही.

मिस्त्रींचं काम खालचं. म्हणजे गाडीच्या पोटाखालचं: धक्के झेलणारे पोलादी पाटे, शॉकअप, बुश, गिअरबॉक्स, मागच्या चाकांमधलं हौसिंग. इंजिनवाल्याचं काम बॉनेट उघडलं की दिसतं, रंगवाल्याचं तर रस्त्यावरून दिसतं. खालचं काम नीट झालं तर गिऱ्हाइकाला काहीच जाणवत नाही, आणि काही न जाणवल्याबद्दल शाबासकी देणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. चाळीस वर्षं मिस्त्री पाठीवर पडून, वर बघत, हात तोंडासमोर धरून काम करत राहिले. साठी उलटली आणि उजवा खांदा धरला तो धरलाच. अशा माणसाचा नेमका खांदाच जावा याचा मला आजही राग येतो. कुणावर काढायचा ते मात्र कळत नाही.

वहिनी, म्हणजे मिस्त्रींची बायको, दुपारी डबा घेऊन यायच्या आणि जाता जाता माझ्या दारात थांबायच्या.

"भाऊजी, तुम्ही तरी सांगा यांना. सकाळी शर्टात हात मी घालून देते. केस मी विंचरते. आणि हे इथे येऊन गिअरबॉक्स उचलतात."

पत्र्यापलीकडून उत्तर यायचं, "गिअरबॉक्स जॅक उचलतो. मी फक्त त्याला समजावतो."

मिस्त्रींनी ऐन उमेदीत एकदा सगळ्या रस्त्यासमोर एक शब्द बोलून ठेवला होता. माझ्या हातची गाडी त्याच कामासाठी परत आली, तर त्या दिवशी मी शटर कायमचं खाली ओढेन, असं. तरुणपणी माणूस काय वाटेल ते बोलतो. पण गाडी कधी परत आलीच नाही, आणि मग त्या बोलण्याला वजन येत गेलं. वहिनींनी अलीकडे त्याच शब्दाला धरलं होतं. "एखादी येऊ दे गं बाई परत एकदाची," असं त्या हसत म्हणायच्या, पण त्यातलं हसू अर्धंच असायचं.

अशात दातांचे डॉक्टर आपली गाडी घेऊन आले. गाडी त्यांच्या वडिलांची. गोल दिवे, जाड पत्रा, दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज. मागचे पाटे बसलेले, पुढचे सांधे खिळखिळे, गिअर चारच. मोठ्या रस्त्यावर पन्नासच्या पुढे गेली की ती ओरडायला लागायची आणि मागचे ट्रकवाले डॉक्टरांच्या नावाने ओरडायचे. डॉक्टरांना ती नुसती धुऊन पुसून मिरवायची नव्हती, रोज चालवायची होती. त्यांना पाच गिअर हवे होते, नवे पाटे, पुढे नवे शॉकअप आणि स्प्रिंगा, डिस्कब्रेक.

"पण मिस्त्री, बाहेरून एक रेषासुद्धा बदलायची नाही. बघणाऱ्याला ती वडिलांचीच गाडी वाटली पाहिजे," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे तोंड आजीचं आणि गुडघे नातीचे," मिस्त्री म्हणाले.

हो म्हणायला त्यांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन स्टुलावर बसले आणि म्हणाले, "अशी गाडी परत हाताखाली यायची नाही. ही नीट निघाली तर अजून दोन-चार वर्षं काढतो. नाहीतर हिचं ऐकतो." वहिनींनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. तेव्हा त्या एका गाडीवर त्यांचं दुकान अवलंबून होतं, आणि हे आमच्या दोन्ही घरांना माहीत होतं.

काम साडेतीन महिने चाललं. हाताखाली माणूस नव्हता, त्यांना कुणाचं काम पसंतही पडत नसे. पुढचा सगळा भाग त्यांनी सोडवून जमिनीवर मांडला, एकेक तुकडा डिझेलने धुतला. नंतरच्या काळातल्या एका गाडीचा पाच गिअरचा डबा मिळवला. तो जुन्या इंजिनला जुळेना, म्हणून मधली पोलादी प्लेट मी करून दिली. गिअरचा दांडा फरशीतल्या जुन्याच भोकातून वर यावा यासाठी मिस्त्रींनी डबा तीनदा वर-खाली केला. नवीन भोक पाडायला दहा मिनिटं लागली असती. मी तसं म्हटलंसुद्धा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प आपल्या दुकानात आलो.

त्या दिवसांत पलीकडचा आवाज मध्येच बंद पडायचा. पहिल्यांदा मी घाबरून पळत गेलो. मिस्त्री गाडीखाली उताणे पडलेले, डोळे उघडे, पाना छातीवर.

"काय झालं?"

"काही नाही. उठायचं जिवावर आलंय."

मग मी जाणं सोडलं. आवाज थांबला की मीही थोडा वेळ मशीन बंद करून उभा राहायचो. आम्ही दोघंही थकलो होतो. ते कामाने, आणि मी त्यांना बघून.

शेवटी शाफ्टचं काम माझ्याकडे आलं. गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा तो लांब पोलादी नळा. दोन्ही टोकांना क्रॉसचे सांधे असतात आणि त्या सांध्यांना धरणारे दोन-दोन कान. दोन्ही टोकांचे कान एका रेषेत लागतात. एक टोक जरासं फिरलेलं राहिलं तर हळू चालवताना काही कळत नाही, पण वेग वाढला की खालून थरथर सुरू होते. एकाच शाफ्टमधला तुकडा कमी करायचा असेल तर सोपं असतं, आधी नळ्यावर लांब रेघ मारायची आणि नंतर रेघेला रेघ जुळवायची. इथे पुढचं टोक नव्या गिअरबॉक्सचं आणि मागचं जुन्या गाडीचं होतं, त्यामुळे जुळवायला रेघच नव्हती. मी दोन्ही टोकं बिडाच्या सपाट प्लेटवर ठेवली, कान प्लेटला समांतर केले आणि वेल्डिंगचे दोन टाके मारले. इथपर्यंत सगळं चोख होतं.

उचलून लेथवर नेताना टाके तुटले. बाहेर एक गिऱ्हाईक बोल्टसाठी कोकलत होतं. नियमाने शाफ्ट परत प्लेटवर जायला हवा होता. मी तो हातातच धरला, एक डोळा मिटून कानांची रेषा बघितली आणि तिथेच टाके मारले. सव्वीस वर्षांचा डोळा आहे, म्हटलं. मग पूर्ण वेल्डिंग केलं, लेथवर फिरवून बघितलं, नळा सुतासारखा सरळ होता. कानांकडे मी पुन्हा पाहिलं नाही. बोल्टवाल्याला बोल्ट दिले आणि ती गोष्ट विसरून गेलो. अगदी साफ विसरलो, हे मी शपथेवर सांगतो, जरी त्याने काही फरक पडत नाही.

मिस्त्रींनी शाफ्ट त्याच दुपारी बसवला. आठवड्याने गाडी बाहेर पडली. दिसायला तीच, पण खड्ड्यातून गेली तर आतल्या माणसाच्या हातातला चहा हलू नये अशी. रस्त्यावरचे सातही गॅरेजवाले बाहेर येऊन उभे राहिले होते. मिस्त्रींनी वहिनींना मागच्या सीटवर बसवून दोन चौक फिरवून आणलं. त्या उतरल्या तेव्हा त्यांनी गाडीवर हात फिरवला. चौकाचौकाच्या रस्त्यावर चाळीसच्या वर कोण जातंय?

चौथ्या दिवशी डॉक्टर परत आले. बिचारे इतके संकोचलेले की आधी दहा मिनिटं गाडीचं कौतुकच करत होते.

"सत्तरपर्यंत काही म्हणजे काही नाही, मिस्त्री. सत्तरच्या पुढे थोडा कंप येतो. थोडाच हं. दुखत नाही, पण जाणवतो."

मी माझ्या दारातून मिस्त्रींचा चेहरा बघितला. त्यावर काही दिसलं नाही. त्यांनी किल्ली घेतली, मोठ्या रस्त्यावर चक्कर मारून आले आणि गाडी आत घेतली.

पुढचे सहा दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो. मिस्त्रींना वाटलं, नव्या पाट्यांमुळे मागच्या हौसिंगचा कोन चुकला. पाटे त्यांचं काम, कोन त्यांचं काम, म्हणून त्यांनी दोष आपल्याच कामात शोधला. पाट्याखाली पाचर घातली, कोन बदलला, चक्कर मारून आले. कंप थोडा कमी झाला, गेला नाही. पुन्हा खाली शिरले, दुसरी पाचर. पुन्हा चक्कर. उजवा हात वर जाईना तेव्हा डाव्या हाताने त्याला कोपराखाली आधार देऊन पाना लावत होते. मी शेजारी उभा राहून सल्ले देत होतो. चाकं बघा, गिअरबॉक्सखालचे रबर बघा. स्वतःचं काम सोडून जगातलं सगळं मी त्यांना बघायला सांगितलं, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. माझ्या कामात चूक असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सातव्या दिवशी ते बाहेर आले, हात पुसले आणि डॉक्टरांना किल्ली दिली.

"दुसऱ्या कुणाला दाखवा, डॉक्टर. माझ्या हाताला सापडत नाही."

डॉक्टर काहीतरी समजावत राहिले. ते गेल्यावर मिस्त्रींनी पाने धुतले, फडक्यात गुंडाळले आणि शटर ओढलं. डाव्या हाताने. वहिनी डबा घेऊन आल्या तेव्हा ते पायरीवर बसलेले होते. वहिनींनी शटरकडे बघितलं, डबा तसाच हातात धरला आणि म्हणाल्या, "चला, घरी जाऊन जेवू." ज्याची वाट बघितली ते झालं होतं, पण त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. नुसता थकवा होता.

बारा दिवसांनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मोठ्या वर्कशॉपचा माणूस माझ्याकडे एक शाफ्ट घेऊन आला. "दोन्ही टोकांचे कान एका रेषेत नाहीत. कापून नीट जोडून द्या, सकाळी घेऊन जातो," असं सांगून तो गेला. मी त्यावर गुंडाळलेलं कापड बाजूला केलं आणि जोडावरून बोट फिरवलं. आपलं वेल्डिंग आपल्याला आपल्या अक्षरासारखं ओळखू येतं. प्लेटवर ठेवून मोजलं. बारा अंश. तुटलेले टाके, बोल्टवाला, मिटलेला डोळा, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी ते कापलं आणि प्लेटवरून न हलवता परत जोडलं. सगळं मिळून पाऊण तास लागला. सहा दिवस मिस्त्री त्या पाऊण तासासाठी गाडीखाली मरत होते.

डॉक्टर स्वतः सांगायला आले. एकशे दहाला काही जाणवत नाही म्हणाले. "मिस्त्रींचं काम सगळं बरोबर होतं हो. त्यांना सांगायला हवं." ते बंद शटरकडे बघत होते.

"मी सांगतो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी मिस्त्रींच्या घरी गेलो. दार वहिनींनी उघडलं आणि ओठावर बोट ठेवलं. आतल्या खोलीत मिस्त्री झोपले होते. मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. वहिनी हातातला चमचा पुसत ऐकत होत्या. माझं संपलं तरी पुसतच होत्या.

"अजून कुणाला माहीत आहे?"

"चूक माझी आहे हे फक्त तुम्हाला आणि मला. डॉक्टरांना वाटतंय मी मिस्त्रींना सांगेन."

"सांगू नका."

"वहिनी, अहो, ते स्वतःला दोष देतायत."

"देऊ देत. चार दिवसांत विसरतील. पण तुम्ही सांगितलंत तर उद्या शटर वर जाईल. आणि मग एक दिवस तुम्ही त्यांना गाडीखालून ओढून काढाल आणि मला बोलवायला याल." त्यांनी चमचा खाली ठेवला. "मी वाईट बाई आहे असं वाटत असेल तर वाटू दे. भाऊजी, मी हात जोडते तुमच्यापुढे."

त्यांनी खरंच हात जोडले. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी बाई. मी परत आलो. येताना मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची लाजही वाटली. आपली चूक लपवायला कुणीतरी हात जोडून विनवतंय, अशी सोय सगळ्यांना मिळत नाही.

पुढे मिस्त्री दुपारचे माझ्या दुकानात येऊन बसू लागले. घरी करमत नव्हतं. जुनी गिऱ्हाइकं रस्त्यात दिसली की थांबायची, एखादा ट्रकवाला गयावया करायचा. मिस्त्री आपला उजवा तळवा त्याच्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, "आता हाताला कळत नाही रे. दुसरीकडे जा." प्रत्येक वेळी तेच वाक्य. मी मशीनचा वेग वाढवायचो, म्हणजे ऐकू येऊ नये. दीड महिना मी हे ऐकलं.

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. ते स्टुलावर बसून खिशातल्या रुमालाच्या घड्या घालत, मोडत होते.

"त्या गाडीत माझं काय चुकलं ते अजून सापडत नाही," ते म्हणाले. "हिला वाटतं मी झोपतो. मी डोळे मिटून तिचा एकेक बोल्ट काढतो आणि परत बसवतो. कोन बघतो, बुश बघतो. काही चुकलेलं नसतं. मग हातच चुकला असणार."

माझ्याच्याने पुढे राहवलं नाही. मी मशीन बंद केलं आणि सांगितलं. टाके, बोल्टवाला, बारा अंश, वर्कशॉपचा माणूस, डॉक्टर. वहिनींचं मात्र सांगितलं नाही. सांगताना माझी मान खाली होती.

त्यांनी विचारलं, "टाके तुटले तेव्हा प्लेटवर परत नाही ठेवलास?"

"नाही. डोळ्याने लावला."

त्यांनी मान हलवली. "शाफ्ट बसवायच्या आधी मी कान बघतो. कुणाचाही असो. नवा, खोक्यातून काढलेला असला तरी बघतो."

"मग हा?"

"तुझा कधी बघितला नाही. सव्वीस वर्षांत एकदाही नाही."

त्यांनी कानफटात मारली असती तर मला चाललं असतं. मी कसाबसा म्हणालो, "मिस्त्री, उद्या शटर उघडा. मी सातही गॅरेजवाल्यांना गोळा करून सांगतो, चूक माझी होती म्हणून. तुमचा शब्द मोडला नाही. तुमच्या हातची गाडी परत आलेलीच नाही."

ते उठून दारापर्यंत गेले. उजवा हात हळूहळू वर नेला. खांद्याच्या रेषेपर्यंत गेला, तिथे अडला आणि खाली आला.

"हिला माहीत आहे?" त्यांनी माझ्याकडे न वळता विचारलं.

मी मशीनवरचा कीस झाडायला लागलो. त्यातून त्यांना काय कळायचं ते कळलं.

"कधीपासून?"

"गाडी नीट झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

रस्त्याच्या टोकाकडून वहिनी येताना दिसल्या. रोज चारला त्या त्यांना न्यायला यायच्या, हातात पिशवी, चालताना जरा एका बाजूला कलून. मिस्त्री त्यांना दारातून बघत राहिले. मला वाटलं आता भांडण होणार, आणि ते माझ्यामुळे होणार.

वहिनी दारात आल्या. बंद मशीन बघितलं, माझं तोंड बघितलं. पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या दारातच उभ्या राहिल्या.

मिस्त्रींनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"याला तेच सांगत होतो," ते म्हणाले. "हात गेला गं माझा. बरं झालं तू वेळेवर बंद करायला लावलंस."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी वळलो आणि मशीन सुरू केलं.